काकू, बॉल

सुहासिनीबाईंना रविवारच्या विमानाने सांगलीला परत जायचं होतं आणि त्याआधी सुनेला एक चेंडू मिळवून द्यायचा होता. दुकानातला नव्हे. दुकानातले चेंडू तिकडे अमेरिकेत, रेडमंडमध्ये, पैशाला पासरी मिळतात. त्यांना हवा होता तो खऱ्या मॅचमधला, बॅटचा तडाखा खाऊन प्रेक्षकांत येऊन पडलेला बेसबॉलचा चेंडू. तसा चेंडू ज्याच्या हाती लागेल त्याचा होतो, आणि कुणाच्या हाती लागावा हे नशिबावर असतं असं सगळे म्हणतात. सुहासिनीबाईंनी आयुष्यात कुठलीच गोष्ट निव्वळ नशिबावर सोडलेली नव्हती. त्यांनी आधी जागा हेरून ठेवली.

सीझन सुरू झाल्यापासून टीव्हीवर मॅच बघताना त्या नुसती मॅच बघत नव्हत्या. उंच उडालेले चेंडू जवळच्याच सिअॅटलच्या मैदानात कुठे कुठे जाऊन पडतात यावरही त्यांची नजर होती. डाव्या अंगाच्या कुंपणामागे, अगदी खालच्या रांगांत, हा त्यांचा निष्कर्ष. मग मुलाच्या, अनीशच्या, मागे लागून तिथलीच दोन तिकिटं काढायला लावली. अनीशचं म्हणणं पडलं की आई, तिथून चेंडू टाकणारा पिचर अंगठ्याएवढा दिसतो, जरा बऱ्या जागी बसा. त्या म्हणाल्या, पिचरचं तोंड मी रोज बघते, तू सांगितलंय ते कर. अनीशला बेसबॉलमध्ये काडीचा रस नव्हता. तो घरीच राहणार होता आणि त्यातच त्याला आनंद होता.

आता सांगलीच्या विश्रामबागेतल्या, पासष्टी उलटलेल्या बाईला हे बेसबॉलचं वेड कुठून लागलं, ते सांगायला हवं.

गेल्या शरदात त्या मुलाकडे आल्या आणि नवरात्र, दिवाळी मजेत गेली. मग तिथला पाऊस सुरू झाला. तो पाऊस पडतो असं म्हणण्यापेक्षा राहायलाच येतो म्हणावं, पाहुणा लोचट असला की तसा. एका सकाळी अपार्टमेंटच्या पायऱ्यांवर मेपलची ओली पानं पडली होती, त्यावरून बाईंचा पाय सटकला आणि उजवा हात दंडात मोडला. ऑपरेशन झालं, आत पट्टी बसली. परत जायचं तिकीट कॅन्सल केलं, मुक्काम वाढवायचा अर्ज झाला. पाहुणी म्हणून आलेली सासू अंथरुणाला खिळली, आणि सून नेत्रा तर कॉम्प्युटरच्या नोकरीत बुडालेली. सुहासिनीबाईंनी मनाशी म्हटलं, आता आपले हाल कुत्रं खाणार नाही.

तसं काही झालं नाही. नेत्राने त्यांना हातावर झेललं, दुसरा शब्दच नाही त्याला. अनीश बिचारा आईची वेणी घालायला गेला आणि गुंता करून ठेवला. त्या दिवसापासून रोज सकाळी ऑफिसचा पहिला कॉल सुरू होण्याआधी नेत्रा त्यांच्या मागे येऊन बसायची, केस विंचरायची, अंबाडा घालायची. आंघोळीला मदत करायची, आणि ती अशी की बाईंना संकोच वाटू नये म्हणून सगळा वेळ स्वतःच्या मॅनेजरची नक्कल करत बसायची. हाताच्या थेरपीला घेऊन जायची. पावसात, अंधारात, वाइपर चालू ठेवून क्लिनिकच्या दाराशी गाडी लावून ती आत लॅपटॉपवर काम करत थांबायची. पोटच्या मुलीने केलं असतं का एवढं, असा विचार बाईंच्या मनात आला. मुलगी नव्हती म्हणून त्याचं उत्तर मिळायचं राहिलं.

बेसबॉल हे नेत्राचं जुनं प्रेम, अनीशच्याही आधीचं. शिकायला एकटी आली तेव्हा ती एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात खोली घेऊन राहायची. त्या बाई संध्याकाळी स्वयंपाकघरात रेडिओवर मॅच लावायच्या, आणि परक्या गावात नेत्राला तेवढाच माणसाचा आवाज. पुढे ती मैदानावर जाऊ लागली. चामड्याचा ग्लोव्ह घेऊन जायची आणि दरवेळी रिकाम्या ग्लोव्हने परत यायची. कधी चेंडू दोन खुर्च्या पलीकडे पडला, कधी पुढच्या माणसाने झेलला. एकदा तर ग्लोव्हात पडून बाहेर उडाला आणि मागच्या रांगेतल्या कुणाच्या बिअरच्या ग्लासात गेला. ही गोष्ट ती हसून सांगायची, पण प्रत्येक वेळी सांगायची.

थेरपीचा व्यायाम घरीही करायचा असे. भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची. ते इतकं कंटाळवाणं आणि दुखरं काम की बाई टाळाटाळ करायच्या. मग नेत्राने युक्ती काढली. टीव्हीशेजारच्या भिंतीवर तिने रंगीत चिकटपट्टीचे तुकडे लावले. कमरेपाशी पहिला बेस, छातीपाशी दुसरा, खांद्यापाशी तिसरा, आणि डोक्याच्या चांगलं वर होम, जिथे पोचलं की धाव पूर्ण. हिवाळ्यात हा खेळ बंद असतो, म्हणून मागच्या वर्षीच्या मॅचेस लावायची. एक इनिंग संपली की बाईंनी उठायचं आणि भिंत चढायची. पुन्हा बसायचं, मॅच बघायची, तोवर ती समजावून सांगणार. होता होता बाईंना खेळ कळू लागला, मग आवडू लागला, आणि मार्चअखेर नवा सीझन सुरू झाला तेव्हा भिंतीची आठवण करून देण्याआधीच त्या टीव्हीपुढे येऊन बसलेल्या असायच्या. खेळाडूंना त्यांनी आपली नावं ठेवली. एकाची दाढी फार, तो बुवा. एक सारखा पँट वर ओढणारा, तो पाटलाचा धाकटा. पंचाचा निकाल पटला नाही तर त्याला थेट सांगलीच्या भाषेत ऐकवायच्या.

त्यांचं मन बसलं ते मात्र मैदानाच्या टोकाला उभ्या असलेल्या खेळाडूंच्या फेकीवर. त्यालाही कारण होतं. विश्रामबागेत त्यांच्या घरामागे मोकळा प्लॉट आहे आणि तिथे कॉलनीतली पोरं क्रिकेट खेळतात. आधी एक पिढी खेळली, आता तिची मुलं. चेंडू दिवसातून चारदा कुंपणावरून यांच्या अंगणात. बाकीच्या बायका चेंडू लपवायच्या, एका बाईंनी तर विळीवर मधोमध चिरून परत केला होता. सुहासिनीबाईंनी तसं कधी केलं नाही. "काकू, बॉल" अशी हाक आली की हातातलं काम टाकून त्या परसात जायच्या आणि "घे रे" म्हणून कुंपणावरून चेंडू भिरकावायच्या, कधी पिठाच्या हाताने, कधी अर्ध्या वेणीने. नेमही असा की पोराला जागचं हलावं लागत नसे. सगळी कॉलनी त्यांना त्यासाठी ओळखायची.

तो हात आता तिसऱ्या बेसवर अडकला होता. खांद्यापर्यंत यायचा आणि थांबायचा. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय. थेरपिस्ट म्हणाली, सांधा मोकळा आहे, अडवतेय ती भीती आणि तिच्यावर माझ्याकडे मशीन नाही. पायरीवर पडताना हाड मोडल्याचा आवाज बाईंच्या कानात होता, आणि हात खांद्याच्या वर निघाला की तो पुन्हा ऐकू यायचा. सांगलीला एकट्याच राहायचं, तेव्हा अंबाडा कोण घालणार? त्यांनी ठरवून टाकलं होतं, गेल्या गेल्या केस कापून टाकायचे. हे नेत्राला सांगितलं तेव्हा ती नुसती विंचरत राहिली.

राहिली गोष्ट आभारांची. नेत्राला सवय इथली, मिठाची बरणी पुढे केली तरी थँक्यू म्हणणार. सुहासिनीबाईंना ते टोचायचं. घरच्या माणसाने घरच्या माणसाचे आभार मानले की ते परकं होतं, अशी त्यांची समजूत, आणि ती त्यांच्या आईचीही होती. त्यामुळे आठ-नऊ महिने सुनेने हातावर झेलूनही त्यांच्या तोंडून तो शब्द निघाला नाही. मनात मात्र साठून साठून छाती जड झाली होती. साडी दिली, तर ती "किती सुंदर आहे" म्हणून कपाटात गेली. हातातल्या पाटल्या काढून दिल्या, तर नेत्राने त्या संध्याकाळी त्यांच्याच बॅगेत कपड्यांच्या घडीत ठेवून दिल्या. काही घेतच नाही म्हटल्यावर माणसाने करायचं काय? मग बाईंना तो बिअरच्या ग्लासात पडलेला चेंडू आठवला. या मुलीला जगात एक गोष्ट हवी आहे आणि ती अजून मिळालेली नाही, एवढं त्यांना पक्कं कळलं होतं.

तर शुक्रवारी संध्याकाळी दोघी निघाल्या. मैदानात पिशवी न्यायची तर पारदर्शक हवी असा नियम. घरचं खाणं चालतं, पण सगळं आरपार दिसलं पाहिजे. सुहासिनीबाईंनी निगुतीने भडंग करून आणलं होतं, भरपूर लसूण आणि दाणे घातलेलं. ते, शाल, गुडघ्याचं मलम आणि कवळीची डबी असा आपला सगळा संसार जगाला दाखवत चालायचं त्यांच्या जिवावर आलं. गेटवरच्या माणसाने भडंगाकडे निरखून पाहिलं आणि वास आल्यावर आदराने जाऊ दिलं.

जागा बघून नेत्रा चकित झाली. ती म्हणाली, "आई, इथे खाली होमरन येतात. तुम्हाला लागेल बॉल. अनीशने हे काय बुक केलंय?"

बाई म्हणाल्या, असेल काहीतरी, त्याला काय कळतंय.

दुसरी रांग होती. पुढे एकच रांग, मग कठडा, आणि खाली हिरवंगार मैदान. टीव्हीवर कधी एवढं हिरवं दिसलं नव्हतं. छप्पर उघडलेलं, ऊन अजून तिरपं अंगावर येत होतं, बाजूच्या रुळांवरून मालगाडी भोंगा वाजवत गेली. बुवा आणि पाटलाचा धाकटा खरंच चालते-बोलते समोर होते. सुहासिनीबाई काही वेळ चेंडूबिंडू विसरल्या. ज्या माणसांनी त्यांचा सगळा हिवाळा निभावून नेला, ती त्यांना ओळखत नव्हती आणि ओळखणारही नव्हती, तरी त्यांना उठून बोलवावंसं वाटलं, बाबांनो, या, दोन घास भडंग खा. त्याऐवजी त्यांनी पुढच्या रांगेतल्या धिप्पाड, टक्कल पडलेल्या माणसाला दिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, कान लाल झाले, आणि त्याने हात पुन्हा पुढे केला.

खेळ रंगत गेला. बाई मात्र हळूहळू हिरमुसत चालल्या. आपल्या टीमचा एक होमरन, म्हणजे इथला षटकार, झाला तो उजव्या टोकाला गेला. एक उंच चेंडू यांच्याच रोखाने आला आणि अगदी कठड्याशी झेलला गेला. नेत्रा ग्लोव्ह घालून प्रत्येक फटक्याला अर्धी उठायची आणि बसायची. सहावी इनिंग संपली. हवेत गारवा आला, बाईंनी शाल ओढून घेतली, आणि ते पाहून नेत्रा कॉफी आणायला उठली. जाता जाता बजावून गेली, "बॉल आला तर खाली वाका फक्त. दगडासारखा असतो तो. कॅच करायला जाऊ नका, प्लीज."

ती गेली आणि सातव्या इनिंगच्या सुरुवातीला, पाहुण्या टीमच्या एका आडमाप गड्याने असा फटका मारला की आवाजावरूनच बाईंना कळलं. चेंडू वर गेला, आभाळात लहान झाला, मग मोठा होऊ लागला. खाली डाव्या टोकाला उभा असलेला आपला खेळाडू, एक पोरगेला, लांब हातांचा मुलगा, पाठ फिरवून कुंपणाकडे धावत आला आणि थांबला. पुढची रांग उभी राहिली. टक्कलवाल्याच्या पंजांवर आपटून चेंडू उडाला, लोखंडी कठड्यावर टणकन वाजला, उसळला, आणि सुहासिनीबाईंच्या पायांशी त्या पारदर्शक पिशवीत, भडंगात येऊन पडला.

आजूबाजूची माणसं खुर्च्यांखाली शोधत होती. बाईंनी वाकून पिशवीत हात घातला. चेंडू पांढरा, तांबड्या शिवणीचा, एका बाजूला चरा पडलेला, आणि त्याला दोन चुरमुरे चिकटलेले. त्या उभ्या राहिल्या. समोर कुंपण होतं, आणि कुंपणापलीकडे एक मुलगा वर तोंड करून त्यांच्याकडे बघत उभा होता.

इतकी वर्षं कुंपणापलीकडून ज्या ज्या पोराने असं वर पाहिलं, ते चेंडूसाठीच. जित्याची खोड ती. बाईंनी चुरमुरे झटकले आणि "घे रे!" म्हणून सणसणीत भिरकावला.

चेंडू कठड्यावरून गेला तो सरळ त्या मुलाच्या पुढ्यात. त्याने तो नकळत झेललाही. क्षणभर त्याने चेंडूकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि टोपी काढून हसला.

आणि सगळं मैदान ओरडलं. बाईंना आधी बरंच वाटलं. पोरं अशीच ओरडायची. लोक त्यांच्याकडे बोटं दाखवत होते, समोरच्या अवाढव्य पडद्यावर शाल पांघरलेली, अंबाडा सुटून केस पाठीवर आलेली एक म्हातारी दिसत होती, तिचा चेहरा ओळखीचा वाटत होता. टक्कलवाला त्यांचा हात हातात घेऊन हलवत राहिला. त्याच्या बोलण्यातून बाईंना एवढं उमगलं की शत्रूच्या होमरनचा चेंडू इथे अस्सल भक्त ठेवून घेत नाहीत, परत मैदानात फेकतात, आणि ते करायला छाती लागते, कारण असा चेंडू आयुष्यात एखाद्याच वेळी मिळतो.

एखाद्याच वेळी. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

त्या मटकन खाली बसल्या. देव देतो आणि कर्म नेतं म्हणतात, ते कर्म त्यांच्या स्वतःच्या खांद्याला जोडलेलं होतं. सीझनभर पाहून ठेवलेली जागा, अनीशशी घातलेला वाद, ही शेवटची मॅच. चेंडू मागावा लागला नव्हता, झेलावा लागला नव्हता, खाऊच्या पिशवीत येऊन बसला होता, आणि त्यांनी तो एका अनोळखी पोराला देऊन टाकला. लोक अजून टाळ्या वाजवत होते आणि बाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

नेत्रा पायऱ्या उतरत आली ती जवळजवळ धावत. दोन्ही हातांत कॉफीचे कप, बाही कोपरापर्यंत भिजलेली. खुर्चीपाशी येऊन ती नुसती उभी राहिली. तिचा चेहरा पाहून बाईंना राहवेना.

"तुझा होता तो," त्या म्हणाल्या. "तुला द्यायचा म्हणूनच आले होते मी इथे. अनीशने नाही, मी सांगितली ही जागा. हातात आला होता ग, आणि दिला टाकून."

नेत्राने कप खुर्चीपाशी खाली ठेवले. बाई बोलतच राहिल्या. आता थांबून उपयोग नव्हता.

"तुझे आभार मानायचे होते मला. एवढं केलंस माझं. घरच्यांचे आभार मानत नाहीत आमच्यात, जीभच वळत नाही. म्हटलं, चेंडू देईन, म्हणजे तुला कळेल. आता चेंडूही नाही."

"आई," नेत्राने विचारलं, "कुठल्या हाताने फेकलात?"

हा काय प्रश्न झाला? बाईंनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही मांडीवर होते. उजव्या हाताच्या बोटांना भडंगाची हळद आणि तिखट लागलेलं होतं.

"मी लाइनमध्ये होते," नेत्रा सांगू लागली. "वर टीव्ही होता. सगळे एकदम ओरडले म्हणून बघितलं, तर तुम्ही. त्यांनी ते परत दाखवलं, स्लो करून. आई, तुमचा हात वर गेला. पूर्ण वर. होमच्याही वर गेला."

सुहासिनीबाईंनी डाव्या हाताने उजवा खांदा चाचपला. फेकताना त्यांना काही ऐकू आलं नव्हतं, पायरीवरचा तो आवाजसुद्धा नाही. त्या घाईत भीतीला बोलवायला सवडच झाली नव्हती.

"दुखतंय का?" नेत्राने विचारलं.

"आता तू विचारल्यावर थोडं दुखतंय."

नेत्रा हसली आणि हसता हसता रडली. ओल्या बाहीने डोळे पुसले, त्यामुळे गालाला कॉफी लागली. मग ती शेजारी बसली आणि तिने सासूचा उजवा हात, तिखटासकट, दोन्ही हातांत धरून ठेवला. ती म्हणाली, बॉलचं काय घेऊन बसलात, अजून शंभर मॅचेस बघेन मी, कधीतरी मिळेल नाहीतर नाही मिळणार. रोज सकाळी केस विंचरताना मला वाटायचं की ह्यांना अशाच परत पाठवायचं का आपण, अर्ध्या हाताच्या. ते ऐकून बाईंना कळलं की छाती जड झालेली त्या एकट्याच नव्हत्या. त्यांना इतकं भरून आलं की समोर कोण बाद झालं तेही दिसलं नाही.

पाहुण्यांची बॅटिंग संपली. या खेळात सातव्या इनिंगच्या मध्यावर सगळ्यांनी उठून उभं राहायचं, आंबलेलं अंग ताणायचं आणि एक जुनं गाणं म्हणायचं अशी रीत आहे. टीव्हीवर बाईंनी ते नेहमी पाहिलं होतं, भिंत चढायची वेळ ती. आज हजारो माणसं एकदम उठली. टक्कलवाला बेसूर गाऊ लागला. नेत्राने सासूला हात देऊन उठवलं, आणि त्यांच्या पाठीवर पसरलेले केस पाहून सवयीने तिचे हात पुढे गेले.

पण त्याआधीच सुहासिनीबाईंचे दोन्ही हात वर गेले होते. डावा सहज गेला. उजवा खांद्यापाशी थबकला, आणि मग पुढे गेला. त्यांनी केस गोळा केले, पीळ दिला, गुंडाळले, आणि तोंडात धरलेला आकडा मागे खोचला. घामाने कपाळ ओलं झालं. हात डोक्यामागे तसेच ठेवून त्या क्षणभर उभ्या राहिल्या, आपलेच आहेत ना याची खात्री करून घ्यावी तशा.

नेत्राचे हात अजून अर्धे पुढेच होते. तिने ते मागे घेतले.

"बघ जरा," बाईंनी तिच्याकडे पाठ करून विचारलं. "झाला का नीट?"

"वाकडा झालाय," नेत्रा म्हणाली.

"असू दे. सांगलीत कोण बघतंय."

"रविवारपर्यंत मीच घालणार पण," नेत्रा म्हणाली, आणि त्यावर बाईंनी मुकाट्याने मान डोलावली.

गाणं संपलं, माणसं खाली बसली. डावीकडचा तो लांब हातांचा मुलगा आता बॅट घेऊन येणार होता आणि सुहासिनीबाईंना त्याचं नाव अजून ठेवायचं होतं. नेत्राने खाली ठेवलेला एक कप उचलला, उरली होती तेवढी कॉफी त्यांच्यापुढे धरली. बाईंनी तो उजव्या हाताने घेतला.

"थँक्यू," त्या म्हणाल्या. इंग्रजीत ते थोडं सोपं गेलं.

नेत्राने त्यांच्याकडे पाहिलं. "घरच्यांना म्हणायचं नसतं, आई," ती म्हणाली, आणि ग्लोव्ह बाजूला सारून तिने भडंगाची पिशवी मांडीवर घेतली.